सान्ता क्लाराचे डिस्ट्रिक्ट, राज्याचा मतदान हक्क कायदा आणि आपलं सिटी कौन्सिल

सोनचाफा

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. मुलांच्या शाळेजवळच्या चौकात सिग्नल हवा, तर मागणी कुणाकडे करायची, असा विषय निघाला. आम्ही आठ जणी होतो. त्यातल्या सहा अमेरिकन नागरिक, दर निवडणुकीला मत देणाऱ्या. पण आपण सिटी कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या महापालिकेच्या) कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वॉर्डात, राहतो हे दोघींनाच सांगता आलं. हे डिस्ट्रिक्ट मुळात आले कुठून, हे तर एकीलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर मला ते लागून राहिलं, म्हणून हा धागा.

कॅलिफोर्नियातलं सान्ता क्लारा शहर. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. इंटेल इथलीच, लीव्हाय स्टेडियम इथलंच. दर दहा माणसांत साधारण चार एशियन: भारतीय, चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो, कोरियन. नागरिकत्व असलेले मतदार तेवढे मोजले तरी एशियन लोकांचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास होता. आणि १९५१पासून २०१८पर्यंत या शहराच्या कौन्सिलवर एकही एशियन माणूस निवडून आला नव्हता. उमेदवार उभे राहत होते, पुन्हा पुन्हा उभे राहत होते, आणि पडत होते.

कुणी मतदान केंद्राच्या दारात अडवत नव्हतं. मतपत्रिका घरी येत होती. अडचण मतं मोजण्याच्या रीतीत होती. मेयर सोडून कौन्सिलच्या सहा जागा, त्यांना 'सीट नंबर दोन', 'सीट नंबर तीन' असे आकडे, आणि प्रत्येक जागेसाठी अख्खं शहर मत देणार. याला इथे ॲट-लार्ज म्हणतात. शहरातल्या मोठ्या गटाला एक उमेदवार नको असेल, तर तो सहाच्या सहा जागांवर पडतो. तुमच्या भागात त्याला कितीही मतं मिळोत, ती शहरभरच्या मतांत मिसळून जातात. पेलाभर दूध हंडाभर पाण्यात ओतावं तसं. दूध कुणी चोरलेलं नसतं, पण चव कुठेच लागत नाही.

कॅलिफोर्नियाने यासाठी स्वतःचा मतदान हक्क कायदा केला. २००२ साली गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी सही केली आणि २००३पासून तो लागू झाला. १९६५चा केंद्राचा कायदा होताच, पण त्याखाली ॲट-लार्ज पद्धतीविरुद्ध जिंकायचं तर अल्पसंख्य गट एका जागी इतका दाट राहतो की एखाद्या वॉर्डात त्याचं बहुमत होईल, हे आधी दाखवावं लागतं. राज्याच्या कायद्याने ती अट काढली. शहराचा हेतू वाईट होता हेही सिद्ध करावं लागत नाही. मतदान वंशाच्या रेषेवर फाटतंय आणि त्यामुळे त्या गटाच्या मताचं वजन कमी होतंय, हे आकड्यांनी दाखवायचं. शिवाय खटला हरलं तर फिर्यादींच्या वकिलांची फी शहराने भरायची.

सान्ता क्लाराच्या पाच एशियन रहिवाशांनी दावा लावला. एशियन उमेदवार असलेल्या दहा निवडणुका तपासल्या गेल्या आणि त्यातल्या पाचांत मतं वंशानुसार फाटल्याचं कोर्टाला दिसलं. २०१८मध्ये निकाल लागला: सहा डिस्ट्रिक्ट करा, प्रत्येकातून एक. त्याच नोव्हेंबरात राज चहल निवडून आले, शहराच्या इतिहासातले पहिले एशियन कौन्सिल सदस्य. २०२०मध्ये केव्हिन पार्क आणि सड्स जैन आले. २०२०च्या डिसेंबरात अपील कोर्टानेही निकाल कायम ठेवला.

मी या शहरात राहत नाही, शेजारच्या गावात राहते. पण चहल निवडून आले त्या रात्री आमच्या ओळखीतले एक पंजाबी आजोबा, ज्यांनी तीस वर्षं इथे मत दिलं, ते फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते मला अजून आठवतं.

कासवचाल

धागा चांगला आहे, माहिती बरोबर आहे. तरी माझे दोन आक्षेप नोंदवतो.

एक, 'एशियन' हा गट आहे का? माझ्या गल्लीत तमिळ, तैवानी आणि व्हिएतनामी कुटुंबं आहेत. त्यांची राजकीय मतं एकमेकांपासून कोस कोस लांब. शेजारच्या कुपर्टिनोत कित्येक वर्षं ॲट-लार्ज पद्धतीनेच एशियन सदस्य निवडून येत आहेत. मग पद्धतीलाच दोष कसा द्यायचा?

दोन, डिस्ट्रिक्ट केले की प्रत्येक सदस्य आपल्या तुकड्यापुरतं पाहतो. पूर्वी मी सहाही जणांना मत देत होतो, म्हणजे सहाही जण मला उत्तर द्यायला बांधील होते. आता एकच. शहराचं पाणी, वीज, स्टेडियमचा करार हे सगळ्या शहराचे विषय आहेत.

सोनचाफा

कासवचाल, पहिला आक्षेप शहरानेही कोर्टात मांडला होता. म्हणून तर आकडे काढले. कोर्टाने 'एशियन लोक एकसारखे असतात' असं गृहीत धरलं नाही. प्रत्यक्ष निवडणुकांत ते एका उमेदवारामागे उभे राहिले का आणि बाकीच्यांनी त्याच्या विरोधात मत दिलं का, एवढंच पाहिलं. दहापैकी पाच वेळा तसं झालं, पाच वेळा नाही. तमिळ आणि व्हिएतनामी शेजाऱ्यांचं मत कराबद्दल जुळणार नाही, पण आपल्यातला कुणीतरी तिथे बसावा असं दोघांनाही वाटू शकतं.

कुपर्टिनोत एशियन वस्तीच बहुसंख्य आहे. ॲट-लार्ज पद्धत बहुसंख्यांना कधीच त्रास देत नाही, मग ते कुणीही असोत. तिथे उद्या दुसरा एखादा गट हीच तक्रार घेऊन उभा राहिला तर मी त्याच्या बाजूने लिहीन.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, नाकारत नाही. पण 'सहा जण मला बांधील' हे ज्याचं मत सहाही जागांवर जिंकत होतं त्याला जाणवतं. ज्याचं सहाही जागांवर हरत होतं, त्याला कुणीच बांधील नव्हतं.

पेठेतला

पुण्याहून लिहितो आहे. वाचताना सारखं वाटत होतं, हे तर आपल्याकडचंच. २०१७ला आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग आला. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चारही जागांना आख्ख्या प्रभागाचं मतदान. तुमचं 'सीट नंबर दोन' म्हणजे आमची 'ब' जागा! त्याआधी २०१२ला दोनचा प्रभाग होता, २००७ला एकचा. २०२६च्या जानेवारीत पुन्हा चारचा. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड, एकेक नगरसेवक.

आमच्या भागात एक वस्ती आहे, एकगठ्ठा मतदान करणारी. एकसदस्यीय वॉर्ड असताना तिथला माणूस निवडून यायचा. प्रभाग मोठा झाल्यावर ती वस्ती चार सोसायट्यांच्या पट्ट्यात विरघळली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, मला पुरावा माहीत नाही. पण परिणाम तोच.

फरक एवढाच की आपल्याकडे अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि महिलांसाठी जागा राखीव असतात. तिकडे तसं आहे का?

सोनचाफा

पेठेतले काका, अ-ब-क-डची तुलना अगदी चपखल. मला हे सुचलंच नव्हतं.

इथे आरक्षण नाही. कुठलीही जागा कुणासाठी राखीव नसते, कायद्यात तशी तरतूदच नाही. म्हणून सगळा भार नकाशावर. एशियन मतदार जिथे जास्त आहेत त्या भागाचा डिस्ट्रिक्ट झाला, तरी तिथून कुणीही उभं राहू शकतं आणि कुणीही जिंकू शकतं. कायदा संधी देतो, जागा देत नाही. त्यामुळे रेषा कुठे ओढली याला इथे जीवनमरणाचं महत्त्व येतं.

उंबरठा

पैशाबद्दल कुणीतरी लिहा ना. आमच्या गावात 'वकिलाचं पत्र आलं म्हणून घाईघाईने वॉर्ड केले' अशी कुजबुज होती.

सोनचाफा

लिहिते. याबद्दल मला खरंच राग आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिला मोठा खटला मोडेस्टो शहराचा. शहराने कायद्यालाच आव्हान दिलं. २००६मध्ये अपील कोर्टाने कायदा वैध ठरवला आणि शेवटी शहराला फिर्यादींच्या वकिलांचे ३० लाख डॉलर भरावे लागले. पामडेल शहर लढलं, हरलं, २०१५मध्ये समझोता केला: ४५ लाख. सान्ता क्लारात खालच्या कोर्टानेच ३० लाखांच्या वर फी मंजूर केली, स्वतःच्या वकिलांचा खर्च वेगळा. हा सगळा पैसा वाचनालयाचा, फुटपाथचा, अग्निशमन दलाचा. शिवाय सान्ता क्लाराच्या कौन्सिलने दोनदा मतदारांपुढे वेगळी रचना ठेवली. २०१८च्या जूनमध्ये दोन मोठे डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी तीन सदस्य. २०२०च्या मार्चमध्ये तीन डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी दोन. मतदारांनी दोन्ही प्रस्ताव पाडले. डिस्ट्रिक्ट जितका मोठा तितकं मत पुन्हा पातळ, हे लोकांना बरोबर कळलं होतं.

आता पत्राचं. २०१६मध्ये राज्याने नियम केला की थेट खटला भरायचा नाही, आधी शहराला नोटिशीचं पत्र द्यायचं. पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत शहराने 'आम्ही डिस्ट्रिक्ट करतो' असा ठराव केला, तर पुढे ९० दिवस मिळतात. त्या काळात जाहीर सुनावण्या घ्यायच्या, नकाशे मांडायचे, कौन्सिलने तसा स्थानिक नियम मंजूर करायचा. एवढं केलं की पत्र पाठवणाऱ्याला जास्तीत जास्त ३० हजार डॉलरच (आणि त्यावर दरवर्षीची महागाईची वाढ) मागता येतात. कुठे ४५ लाख आणि कुठे ३० हजार! म्हणून एकामागून एक शहरांनी आणि शाळा मंडळांनी पत्र येताच डिस्ट्रिक्ट केले.

उंबरठाताई, 'घाईघाईने' हे खरं आहे. ९० दिवसांत नकाशा होतो आणि सुनावणीला समोर बारा खुर्च्या भरलेल्या असतात. माझी तक्रार कायद्यावर नाही. वर्षानुवर्षं निकाल डोळ्यांसमोर असताना पत्र येईपर्यंत वाट का पाहावी? शेजारच्या सनीवेललाही पत्र आलं होतं, पण त्यांनी घाई न करता २०२०च्या मार्चमध्ये मतदारांना विचारून सहा डिस्ट्रिक्ट केले, मेयरची थेट निवडणूक आणली. असंही करता येतं.

कासवचाल

पामडेल-मोडेस्टोचे आकडे माहीत नव्हते. पण सान्ता मोनिकाचं काय? तिथे शहर लढलं आणि अपिलात जिंकलंही होतं.

सोनचाफा

हो. २०१९ला खालच्या कोर्टात शहर हरलं, २०२०ला अपिलात जिंकलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील कोर्टाचा निकाल रद्द केला आणि प्रकरण परत पाठवलं. मला तो निकाल दोन्ही बाजूंनी समतोल वाटला. न्यायालय म्हणालं, मतं वंशानुसार फाटतात एवढं दाखवून भागणार नाही, दुसऱ्या एखाद्या पद्धतीत त्या गटाला आपला उमेदवार निवडून आणायची संधी खरोखर वाढेल हेही दाखवा. पण त्यासाठी एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये त्यांचं बहुमत, किंवा जवळपास बहुमत, व्हायलाच हवं असं नाही. इतर मतदारांची साथ मिळून जिंकता येत असेल तर तेही धरायचं. तुमच्या तमिळ आणि व्हिएतनामी शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार इथेच आहे.

रानवारा

न्यूयॉर्कमधून. आमच्याकडे २०२२मध्ये जॉन लुईस यांच्या नावाने राज्याचा मतदान हक्क कायदा झाला. तो कॅलिफोर्नियाच्या एक पाऊल पुढे आहे. ज्या शहरांचा, काउंटींचा इतिहास वाईट आहे त्यांनी मतदान केंद्र हलवायचं, वॉर्डाची रेषा बदलायची तर आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलची किंवा कोर्टाची परवानगी घ्यायची. २०२४च्या सप्टेंबरपासून हे लागू झालं.

आधी परवानगी का, हे अलाबामातल्या कलेरा नावाच्या छोट्या गावावरून कळतं. १९६५च्या कायद्याखाली तिथे अशी परवानगी बंधनकारक होती. २००८मध्ये गावाने ती न घेता वॉर्ड बदलले. एकमेव कृष्णवर्णीय सदस्य अर्नेस्ट माँटगोमेरी यांच्या वॉर्डातली कृष्णवर्णीय मतदारांची संख्या सुमारे ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास आली आणि ते पडले. केंद्राच्या न्याय खात्याने हरकत घेतली होती, त्यामुळे पुन्हा निवडणूक घ्यावी लागली, ते निवडून आले. कलेरा ज्या काउंटीत येतं ती शेल्बी काउंटी. तिनेच पुढे दावा लावला आणि २०१३च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी परवानगी कुणी घ्यायची ती यादीच रद्दबातल केली. म्हणून राज्यांनी आपापले कायदे केले: वॉशिंग्टन राज्य २०१८, ओरेगन २०१९, व्हर्जिनिया २०२१, आम्ही २०२२, कनेक्टिकट २०२३, मिनेसोटा २०२४, कोलोरॅडो २०२५. केंद्राचं छप्पर गळायला लागल्यावर ज्याने त्याने आपल्या घरापुरती ताडपत्री घातली आहे.

सगळं सुरळीत नाही. हडसन खोऱ्यातल्या न्यूबर्ग टाउनवर खटला झाला तेव्हा टाउनने कायदाच घटनाबाह्य म्हटला. २०२४च्या नोव्हेंबरात एका न्यायाधीशांनी ते मान्यही केलं. २०२५मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला.

आणि एक, डिस्ट्रिक्ट हा एकच उपाय नाही. आमच्याजवळ पोर्ट चेस्टर नावाचं गाव आहे. तेव्हा जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो होती, पण गावाच्या मंडळावर एकही लॅटिनो नव्हता. केंद्राच्या कायद्याखाली खटला झाला आणि २०१०मध्ये वेगळीच पद्धत आली: सहा जागा, प्रत्येक मतदाराला सहा मतं, हवी तर सहाही एकालाच द्या. पहिल्याच निवडणुकीत लॅटिनो उमेदवार निवडून आला.

गोदाकाठ

रानवारा यांचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. सगळी मतं एकालाच देण्याची ही पद्धत आपल्या मुंबई प्रांतात होऊन गेली आहे! १९३७च्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मतं एका उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. डॉ. आंबेडकर या पद्धतीचे आग्रही होते. संयुक्त मतदारसंघात अस्पृश्यांचं मत बाकीच्यांच्या मतांत बुडून जाईल, ही त्यांची काळजी होती. स्वतः ते त्या निवडणुकीत मुंबईतून निवडून आले.

स्वातंत्र्यानंतर पद्धत बदलली. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. राखीव जागेवर काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब पडले. तिथे सत्तर हजारांच्या वर मतं बाद झाली होती. त्यावर बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१च्या कायद्याने संपले.

राज्यघटना लिहिणारा माणूस राखीव जागा असूनही पडला, कारण त्या जागेवरही मत सगळ्यांचं होतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो तेव्हा हा दाखला मुलांना दरवर्षी द्यायचो.

पेठेतला

गोदाकाठ सर, नमस्कार. हे वाचून अंगावर काटा आला.

कायदा पाळण्याबद्दल आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. घटनेचं कलम २४३-यू म्हणतं, महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत. पुण्याची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, आणि इकडे प्रशासक. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' म्हटलं, पुढे मुदत वाढवून दिली आणि मतदान झालं २०२६च्या १५ जानेवारीला. जवळजवळ चार वर्षं माझ्या मुलीच्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. ती अठराची झाली, मतदार यादीत नाव आलं, आणि मत द्यायला महापालिकाच नाही.

राज्याचा कायदा कितीही चांगला असो, मुदत पाळली नाही तर दंड कुणाला, हा माझा प्रश्न आहे. तुमच्याकडे निदान वकिलाच्या फीचं बिल तरी येतं.

नवी_सदस्य_१२

मी ग्रीन कार्डवर आहे, मत नाही. मग या सगळ्यात मी कुठे? प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा.

सोनचाफा

अजिबात बाळबोध नाही. उलट हाच प्रश्न मला त्या हळदीकुंकवाला ऐकायचा होता.

डिस्ट्रिक्ट सारख्या लोकसंख्येचे करतात ते जनगणनेच्या एकूण माणसांवर. मतदारांवर नाही. म्हणजे तुम्ही, तुमचं बाळ, व्हिसावर आलेले तुमचे शेजारी, सगळे नकाशात मोजले जातात. सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. काही मिनिटं मिळतात. २०१९च्या राज्य कायद्यानुसार शहराने रेषा ओढताना 'एकत्र नांदणारी वस्ती' शक्यतो तोडायची नसते. ती वस्ती कोणती हे नकाशा काढणाऱ्याला कॉम्प्युटरवर दिसत नाही, राहणाऱ्यांनीच सांगावं लागतं. मुलं कुठल्या शाळेत जातात, भाजी कुठून आणतो, संध्याकाळी आजी-आजोबा कुठल्या बागेत बसतात, हेच सांगायचं. मी एका सुनावणीत एवढंच बोलले होते. त्या रात्री बागेपलीकडची रेषा दोन रस्ते सरकली. माझ्याच बोलण्याने असं नाही, व्हिएतनामी मंडळींनीही तेच सांगितलं होतं.

आणखी एक. कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाल्यांना मतदान केंद्रावर काम करता येतं, २०१३च्या कायद्याने. सान्ता क्लारा काउंटीत नमुना मतपत्रिका हिंदीतही असते. मराठीत नाही, पण आपल्या आजी-आजोबांना ती वाचून दाखवणारं माणूस लागतंच.

फक्त एक कळकळीने सांगते: मतदार म्हणून नाव मात्र नागरिकत्व मिळेपर्यंत नोंदवू नका, डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसच्या) फॉर्मवर चुकूनही तशी खूण करू नका. त्याचे परिणाम फार वाईट होतात.

कासवचाल

माझा दुसरा आक्षेप अजून कायम आहे, शहराचे विषय शहराने पाहावेत. पण काल माझ्या डिस्ट्रिक्टच्या सदस्याला पहिल्यांदा मेल केला, चौकातल्या झाडांबद्दल. पूर्वी सहा जणांना कॉपी करायचो. उत्तर आलं की कळवतो.

नवी_सदस्य_१२

खूप आभार सोनचाफाताई. काउंटीच्या साइटवर मतदान केंद्राच्या कामाचा अर्ज आताच भरला. भाषांच्या रकान्यात हिंदी होतीच. 'इतर'मध्ये मराठी लिहून टाकलं.